समजून घ्या : डिक्की शाबूत ठेवून कारमध्ये दमदार बास कसा मिळवायचा?

गणपतीच्या आदल्या दिवशी गावी निघालेल्या कुठल्याही गाडीची डिक्की उघडून पाहा. मखराचे दुमडलेले भाग, दिव्यांच्या माळा, पूजेचं सामान, पाच जणांचे कपडे आणि वर आजीची औषधांची पिशवी. परतताना त्याच जागेत नारळ, तांदूळ आणि कोकम. वांद्रे पूर्वेची शासकीय वसाहत, खेरवाडी किंवा कलानगरच्या गल्ल्यांमधून पहाटे सुटणाऱ्या या गाड्यांमध्ये डिक्कीचा एक इंचही मोकळा नसतो. पण मुंबई-गोवा महामार्गावरचे दहा-बारा तास गाण्यांशिवाय काढायचे तरी कसे? कंपनीने दिलेल्या स्पीकरवर ढोल वाजला, की पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो.

यावर दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे डिक्कीत लाकडी खोकं आणि त्यात १२ इंची सबवूफर. उत्तर चुकीचं नाही, पण बहुतेक घरांना त्याची गरज नसते. गाडीत बास कमी पडतो तो डिक्की रिकामी आहे म्हणून नव्हे. तो दरवाजातल्या भोकांमधून गळतो, रस्त्याच्या आवाजात बुडतो आणि कधी कधी उलट्या जोडलेल्या वायरमुळे स्वतःलाच खोडून काढतो. आधी ही गळती थांबवली, की उरलेलं काम सीटखालचा किंवा स्टेपनीच्या पोकळीतला छोटा सबवूफर करू शकतो.

डिक्की मुळात इतकी लहान का?

२००६-०७ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन ठरावीक मर्यादेत असेल, तर ही सवलत मिळत होती. पुढे जीएसटी आला, तरी चार मीटरची रेघ कायम राहिली. या रेघेच्या आत माणसं बसवायची म्हटल्यावर कात्री लागते ती डिक्कीलाच. आजच्या स्विफ्टची डिक्की २६५ लिटरची आहे, डिझायर आणि नेक्सॉनची प्रत्येकी ३८२ लिटरची.

त्यात सीएनजी आला. मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या टपावर बॅगा बांधाव्या लागायच्या, कारण डिक्कीत सिलिंडर असायचा. खासगी सीएनजी गाड्यांमध्येही अनेक वर्षं हीच गत होती. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी ३०-३० लिटरचे दोन सिलिंडर डिक्कीच्या तळाशी आडवे बसवले आणि वर २१० लिटर जागा राखली. या गाडीची जाहिरातच ‘सीएनजी असूनही डिक्की’ अशी झाली. लोकांना ही जागा किती हवी असते, ते त्यावरून कळावं.

आता १२ इंची सबवूफरचं बंद खोकं घ्या. आतली हवा साधारण ३० लिटर, त्यावर लाकडाची जाडी आणि स्पीकरचं चुंबक. बाहेरून मोजलं तर ४० ते ४५ लिटर भरतं. विमानात नेतो ती ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची केबिन बॅग ४८ लिटरची असते. म्हणजे कागदावर एकच बॅग गेली. प्रत्यक्षात खोकं तिरकं असतं, डिक्कीच्या रुंदीभर बसतं आणि मोठी बॅग आडवी ठेवायची जागाच खातं. हवा बाहेर सोडण्यासाठी भोक ठेवलेलं, म्हणजे पोर्टेड खोकं याहून मोठं असतं.

खोकं मोठं का लागतं, यालाही एक जुना नियम आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी बंद खोक्यातल्या हवेचा स्प्रिंगसारखा वापर करून कपाटाएवढे स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावतील इतके लहान केले. त्यांचा ‘एआर-१’ हा स्पीकर १९५४ चा. क्लॉसचा पुढचा भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने ओळखला जाणारा ‘लोखंडी नियम’ सांगतो, की लहान खोकं, खोल बास आणि कमी वीज या तीनपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पूर्वी गाडीत वीज महाग होती, म्हणून खोकं मोठं ठेवायचे. आता क्लास-डी ॲम्प्लिफायर तळहाताएवढे झाले आहेत आणि फारसे तापतही नाहीत. त्यामुळे आपण जागा वाचवून थोडी जास्त वीज खर्च करू शकतो. सीटखालच्या सबवूफरमागचं गणित एवढंच आहे.

मग बास जातो कुठे?

बास म्हणजे आपल्या संगीतातला खर्ज. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. ड्रमच्या मोठ्या ढोलाची धडक साधारण ५० ते ८० हर्ट्झमध्ये असते. एवढा खालचा आवाज काढायला स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर कोनला चौपट हवा हलवावी लागते. दरवाजातला साडेसहा इंची स्पीकर इथे धापा टाकू लागतो.

त्याचं अर्धं कष्ट वायाही जातं. स्पीकरचा कोन पुढे आला, की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या, तर बेरीज शून्य. म्हणून घरातला स्पीकर बंद पेटीत असतो. गाडीच्या दरवाजात पेटी नसते. आतल्या पत्र्याला काच आणि लॉकच्या दुरुस्तीसाठी मोठी भोकं ठेवलेली असतात आणि त्यावर फक्त प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मागची लाट तिथून सरळ आत येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. राहिलेला जोर पातळ पत्रा आणि प्लास्टिकचं पॅनेल थरथरवण्यात जातो. त्या थरथरीलाच पुष्कळ जण बास समजतात.

दुसरा चोर रस्ता. टायर आणि इंजिनाचा घों-घों आवाज नेमका खालच्या पट्टीत असतो. गाडी उभी असताना बरा वाटणारा बास वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेग घेताच नाहीसा होतो. वाजत असतो, फक्त ऐकू येत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. म्युझिक सिस्टीमच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. बॅटरी चार्ज होताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. हेड युनिटमध्ये व्होल्टेज वाढवणारा भाग नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २६ वॉट पोहोचतात, तेही कागदावर. (१४.४ चा वर्ग भागिले ८. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित.) प्रत्यक्षात २० च्या आसपास. म्हणून खरेदी करताना ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ पॉवरच्या आकड्याकडे बघू नका, ‘आरएमएस’ विचारा. दुकानदाराने हा आकडा सांगायला टाळाटाळ केली, तर दुसरं दुकान गाठा.

छोट्या गाडीची एक जमेची बाजू

४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. वांद्र्यातल्या बऱ्याचशा बैठकीच्या खोल्यांपेक्षाही लांब. गाडीच्या केबिनची लांबी डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत अडीच-तीन मीटर. एवढ्या जागेत साधारण ६० हर्ट्झच्या खालची लाट नीट पसरूच शकत नाही. ती पूर्ण केबिनची हवा एकदम दाबते आणि सोडते, सायकलच्या पंपासारखी. परिणाम असा, की त्याखालचा आवाज गाडीत आपोआप चढत जातो. सिद्धांताप्रमाणे दर सप्तकाला १२ डेसिबल. काचा आणि पत्रे लवचिक असल्यामुळे प्रत्यक्षात कमी, पण पुरेसा. ऑडिओवाले याला ‘केबिन गेन’ म्हणतात.

घरातल्या हॉलमध्ये जो आठ इंची सबवूफर केविलवाणा वाटेल, तो गाडीत भारदस्त वाटतो, त्याचं कारण हेच. केबिन जितकी लहान, तितका हा फायदा वरच्या पट्टीपासून सुरू होतो. सेडानमध्ये आणखी एक मुद्दा येतो. डिक्कीतल्या सबवूफरला मागची सीट आणि मधला पत्रा ओलांडून आत यावं लागतं. सीटखालचा सबवूफर आधीच केबिनमध्ये असतो. डिझायर किंवा अमेझसारख्या गाडीत डिक्की वाचवणं आणि बास मिळवणं या दोन गोष्टींत भांडण राहत नाही.

खिशात हात घालण्याआधी

एक फुकटची तपासणी करा. भरपूर बास असलेलं गाणं लावा. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे, शेवटी मध्यावर. दोन्ही बाजू वाजायला लागल्यावर बास वाढायला हवा. उलट तो कमी झाला, तर एका दरवाजातल्या स्पीकरच्या वायर उलट जोडलेल्या आहेत. डावा स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा उजवा मागे ओढतो आणि दोघं मिळून खर्ज मारून टाकतात. स्पीकर एकदा बदललेल्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या गाडीत ही शंका जरूर घ्यावी. दुरुस्तीला दोन वायर अदलाबदल करण्याइतकाच वेळ लागतो.

मग सेटिंगमध्ये जा. ‘बास बूस्ट’ आणि ‘लाउडनेस’ बंद करा. विचित्र वाटेल, पण छोट्या स्पीकरला न झेपणारा खर्ज दिला, की तो फाटतो आणि आपण आवाज कमी करतो. मोबाइलवरून ब्लूटूथने गाणी लावत असाल, तर फोनच्या ॲपमधला इक्वलायझरही सपाट ठेवा. फोनने वाढवायचं, गाडीने पुन्हा वाढवायचं, यात आवाजाची फक्त खिचडी होते.

पहिला खर्च दरवाजांवर

माझं मत विचाराल, तर दहा हजार रुपये खर्च करायचे असतील, तर त्यातले पहिले पाच-सहा हजार पुढच्या दोन दरवाजांवर घाला. ब्युटाइल रबरला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली शीट मिळते. त्याला दुकानात ‘डॅम्पिंग’ म्हणतात. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला थोडी लावली, की पत्रा जड होतो आणि थरथर थांबते. आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांवर लावली, की दरवाजाची पेटी बनते आणि मागची लाट अडते. नवा स्पीकर न घालताही फरक कानाला कळतो. शिवाय रस्त्याचा आवाज थोडा घटतो आणि दरवाजा लावताना ‘धप्प’ असा महागड्या गाडीसारखा आवाज येतो. या धप्पसाठीही लोक पैसे मोजतात.

मुंबईत मात्र इथे डोळ्यांत तेल घालून उभं राहा. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दरवाजाच्या आत जातच असतं. ते खालच्या छोट्या छिद्रांतून बाहेर पडतं. घाईतल्या फिटरने ती छिद्रं शीटने बुजवली, तर दरवाजा आतून गंजतो. प्लास्टिकचा कागद फाडून टाकला आणि भोकं नीट बंद केली नाहीत, तर जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला होतो. पॅनेल परत लावण्याआधी दरवाजावर बाटलीभर पाणी ओतायला सांगा आणि ते खालून गळतंय का, ते स्वतः पाहा.

सीटखाली : सोय मोठी, मर्यादा ठाऊक असाव्यात

सीटखालचा सबवूफर म्हणजे साधारण आठ सेंटिमीटर उंचीचा चपटा डबा. आत आठ इंची किंवा त्याहून लहान स्पीकर आणि त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर. सोनीचा ‘एक्सएस-एडब्ल्यू८’, जेबीएलचा ‘बासप्रो एसएल२’, पायोनियरचा ‘टीएस-डब्ल्यूएक्स१३०डीए’ ही यातली परिचित नावं. ब्रँडेड मॉडेल साधारण दहा ते पंचवीस हजारांच्या पट्ट्यात मिळतात. बऱ्याच मॉडेलना ‘हाय-लेव्हल इनपुट’ असतो, म्हणजे कंपनीची टचस्क्रीन न बदलता स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेता येतो.

अपेक्षा नेमकी ठेवा. आठ इंची कोनचं क्षेत्रफळ बाराइंचीच्या निम्म्याहूनही कमी. त्याचा मागेपुढे होण्याचा पल्लाही कमी. एकूण फरक दहा डेसिबलच्या घरात जातो आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला सुमारे निम्मा आवाज. छातीवर थाप बसावी, मागची नंबर प्लेट खडखडावी, असं हवं असेल तर हा डबा निराश करेल. गाण्याला बूड मिळावं, ढोल ढोलासारखा वाटावा, बास गिटारचे सूर सुटे ऐकू यावेत, एवढं तो नक्की करतो. स्पर्धेत गाडी उतरवायची नसेल, तर एवढं पुष्कळ आहे.

बसवण्याआधी पट्टी घेऊन सीटखाली स्वतः मोजा. सीट पूर्ण खाली आणि पुढे-मागे सरकवून मोजा. उंची बदलणाऱ्या ड्रायव्हर सीटखाली जागा अनेकदा अपुरी पडते, म्हणून डबा शेजारच्या सीटखाली जातो. काही गाड्यांमध्ये मागच्यांसाठी एसीची नळी तिथूनच जाते. मागे बसणाऱ्याचे पायही तिथेच असतात.

याहून गंभीर गोष्ट एअरबॅगची. पुढच्या सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायर दिसतात. त्या साइड एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या असतात. त्या ओढायच्या नाहीत, डब्याखाली दाबायच्या नाहीत आणि इग्निशन चालू असताना काढायच्या तर मुळीच नाहीत. डबा वेल्क्रोवर नुसता ठेवला, तर अपघातात तो पायाशी घुसू शकतो. पट्ट्यांनी किंवा ब्रॅकेटने घट्ट बांधा. फरशीत स्क्रू मारण्याआधी खाली पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी नाही ना, ते गाडीखाली वाकून बघायला सांगा.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण या भागात अजून निघते. तितकं टोकाचं सोडा. दर पावसाळ्यात एस. व्ही. रोडवर किंवा सबवेच्या तोंडाशी गाडी अडकणाऱ्यांना फरशीवर पाणी येणं नवीन नाही. सीटखालचा ॲम्प्लिफायर गालिच्यापासून दोन सेंटिमीटरवर असतो. त्याला छोटे पाय लावून उचला आणि हाताने सुटेल असा प्लग ठेवा. रेड अलर्टच्या दिवशी तो काढून घरात ठेवता आला पाहिजे.

स्टेपनीच्या पोकळीतला पर्याय

दुसरी लपलेली जागा म्हणजे डिक्कीच्या तळाखालची स्टेपनी. चाकाच्या रिमच्या वाटीत बसणारे गोल सबवूफर मिळतात. जेबीएलचा ‘बासप्रो हब’ ११ इंची आहे. कोन मोठा असल्यामुळे तो सीटखालच्या डब्यापेक्षा खोल वाजतो आणि वरचा तळ सपाटच राहतो. काही कंपन्या कारखान्यातूनच सबवूफर याच पोकळीत बसवून देतात.

हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये हा उपाय सर्वांत चांगला, असं मला वाटतं. डिक्की आणि केबिनमध्ये पत्र्याची भिंत नसते, त्यामुळे आवाज सरळ पुढे येतो. त्रास एकच. पंक्चर झालं, की आधी सबवूफर सोडवा, मग चाक काढा. त्यालाही प्लग हवाच, नाहीतर कशेडी घाटाच्या पायथ्याशी रात्री मोबाइलच्या उजेडात वायर सोडत बसाल.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर प्रवासी गाडीत स्टेपनी बंधनकारक नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांमध्ये ही पोकळी रिकामीच मिळते. सबवूफरसाठी स्टेपनी घरी ठेवून जायचा विचार मात्र गाडीत यातलं काही नसताना करू नका.

सीएनजीवाल्यांनी हा पर्याय तपासून घ्यावा. दोन सिलिंडरच्या अल्ट्रोझसारख्या गाडीत ती पोकळी सिलिंडरनेच भरलेली असते आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली. सिलिंडरच्या ब्रॅकेटला काही बांधायचं नाही, गॅसच्या नळीजवळून जाड वायर न्यायची नाही, सैल टर्मिनल ठेवायचं नाही. शिवाय सिलिंडर दर तीन वर्षांनी उतरवून त्याची हायड्रो टेस्ट करावी लागते. त्याच्याभोवती कायमचं खोकं बनवलं, तर ते दर वेळी तोडावं लागेल. सीएनजी गाडीला सरळ सीटखालचाच डबा घ्या.

वायर आणि फ्यूज : इथे कंजुषी नको

१२५ वॉट आरएमएसचा सबवूफर पूर्ण जोरात बॅटरीतून साधारण १२ अँपिअर ओढतो. हॅलोजन हेडलाइटच्या जोडीपेक्षा किंचित जास्त. कुठल्याही छोट्या गाडीला हे झेपतं, बॅटरी बदलायची गरज नाही. हजार वॉटचा ॲम्प्लिफायर मात्र शंभर अँपिअरच्या आसपास मागतो. तेवढं तर अनेक हॅचबॅकचा अल्टरनेटरसुद्धा देत नाही.

वायर थेट बॅटरीपासून यायला हवी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. हा फ्यूज सबवूफर वाचवण्यासाठी नसतो. बोनेटमधून आत येताना वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर ती पेटू नये म्हणून असतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच रंगात आणि त्याच जाडीत मिळते. टोक खरवडलं, की पांढरी निघते. अर्थिंग रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर असावं. कंपनीची वायर कापून जोड मारण्याऐवजी त्या मॉडेलचा कपलर वापरा. वायर कापल्याचं दिसलं, तर सर्व्हिस सेंटर विद्युत भागांची वॉरंटी नाकारू शकतं.

विम्याचंही बघा. कंपनीने गाडीच्या किमतीत न धरलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात. त्यासाठी ‘आयएमटी-२४’ ही तरतूद आहे आणि जादा हप्ता वस्तूच्या किमतीच्या साधारण ४ टक्के पडतो. वीस हजारांच्या सिस्टीमला आठशे रुपये. बिल जपून ठेवा.

म्युझिक सिस्टीम लावणं बेकायदा नाही. पण जागा करण्यासाठी एर्टिगासारख्या गाडीची तिसरी रांग कायमची काढली, तर प्रकरण बदलतं. आसनक्षमता आरसी बुकात नोंदलेली असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही.

शेजाऱ्याची खिडकी का हादरते?

वांद्र्याला आवाजाचं वावडं जुनं आहे. मुंबई वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये ‘पनिशिंग सिग्नल’चा प्रयोग जाहीर केला, त्यात सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड आणि हिंदमाता यांच्यासोबत वांद्रेही होतं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. गाड्यांतल्या गाण्यांसाठी असा सिग्नल नाही. नियम मात्र आहेत.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे आणि तिथे संगीत वाजवणं किंवा ध्वनिवर्धक वापरणं यावर थेट कारवाईची तरतूद आहे.

पण बासच्या बाबतीत हे आकडे फसवे आहेत. नियमातला डेसिबल ‘ए’ मापाचा आहे. हे माप माणसाच्या कानासारखं ऐकतं आणि खालच्या आवाजाला कमी गुण देतं. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल कमी. म्हणजे खिडकीशी ८५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा धडाका येत असला, तरी मीटरवर ५५ दिसेल. दिवसाच्या मर्यादेत अगदी बरोब्बर! वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या कपाटाच्या काचा मात्र तडतडत असतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर पोलिसांच्या मीटरवरचा आकडा आणि छातीतली धडधड जुळत नाही, त्यात या मापाचाही हात आहे.

त्यात भिंती आणि काचाही खर्जाला नीट अडवत नाहीत. वारंवारता निम्मी झाली, की अडवण्याची ताकद साधारण सहा डेसिबलने घटते. म्हणून बाहेरून जाणाऱ्या गाडीतलं गाणं कळत नाही, फक्त ‘धुम्-धुम्’ कळतं. आत बसलेल्याला याचा पत्ता नसतो. इथेही छोटा सबवूफर बरा. तो केबिनला पुरतो आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये काचा बंद ठेवल्या, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या गाडीचा नंबर येण्याची शक्यता कमी राहते.

कानांचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. गावाला जाण्याचा एक प्रवास म्हणजे ९० चा दोन-तीन आठवड्यांचा कोटा.

दुकानातून निघण्याआधी

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला लावून घ्या. त्याखालचं सबवूफरला, वरचं दरवाजांना. स्क्रीनमध्ये ‘एचपीएफ’ असेल, तर तोही ८० वर. याने दरवाजातल्या स्पीकरवरचा भार उतरतो आणि ते अधिक मोकळे वाजतात. ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे डबा सीटखाली असला, तरी बास समोरून आल्यासारखा वाटतो. क्रॉसओव्हर १२० वर ठेवला, तर गायक पायाशी बसल्यासारखा वाटेल.

सबवूफरवर ‘फेज’ नावाचं ०-१८० चं बटण असतं. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा, दारं लावा आणि फिटरला ते बदलायला सांगा. ज्या बाजूला बास भरीव वाटेल, ती ठेवा. आवाजाचा गेन इतकाच वाढवा, की सबवूफर बंद केल्यावर उणीव जाणवेल, पण चालू असताना तो वेगळा ओळखू येणार नाही. इंजिन सुरू करून गाणं थांबवा. रेसबरोबर चढणारी ‘कुंईं’ ऐकू आली, तर अर्थिंग चुकलंय किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरला चिकटून गेलीय. ते दुरुस्त झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग सी-लिंकवर एक फेरी मारा. ५.६ किलोमीटर, ८० च्या वेगाने चार मिनिटं, म्हणजे साधारण एक गाणं. दुकानासमोर उभ्या गाडीत चांगलं वाजलेलं तिथे पुन्हा ऐका. टायरच्या आवाजावर बास टिकला नाही, तर गेन एक खूण वाढवा. टोल वाचवायचा असेल, तर हायवेवर कलानगर ते विमानतळ एवढा पट्टाही चालतो, वाहतूक हलत असेल तर.